अंटार्क्टिका मोहिमांतील स्त्रिया

अंटार्क्टिका या दक्षिण ध्रुवीय खंडावरील संशोधन, वसाहत व साहस मोहिमांमध्ये स्त्रियांचा प्रत्यक्ष सहभाग विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात सुरू झाला. रोआल्ड आमुन्सेन यांची तुकडी १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचली. पहिल्या स्त्रियांना तेथे पाऊल ठेवण्यासाठी नोव्हेंबर १९६९ उजाडावा लागला. मधल्या जवळजवळ ५८ वर्षांत स्त्रियांना या खंडापासून दूर ठेवले ते तेथील थंडीने नव्हे, तर मोहिमा आखणाऱ्या नौदलांच्या, शासनांच्या व संस्थांच्या नियमांनी. आज अनेक देशांच्या तळांवर स्त्रिया शास्त्रज्ञ, डॉक्टर, अभियंता व तळप्रमुख म्हणून काम करतात. भारतीय मोहिमांत स्त्रियांचा सहभाग १९८३ पासून आहे.

नकाशावरील नावे

अंटार्क्टिकाच्या नकाशावर स्त्रियांची नावे फार लवकर आली. फ्रेंच दर्यावर्दी द्यूमाँ द्यूर्व्हिल यांनी १८४० साली सापडलेल्या किनारपट्टीला आपल्या पत्नीचे, आदेल यांचे, नाव दिले. आदेली लँड हा प्रदेश आणि आदेली पेंग्विन ही पक्ष्यांची जात, दोन्ही नावे त्यांच्यावरूनच आली आहेत. अमेरिकन वैमानिक रिचर्ड बर्ड यांनी १९२९ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकातील विस्तीर्ण प्रदेशाला पत्नीच्या नावावरून मेरी बर्ड लँड म्हटले. क्वीन मॉड लँड हे नाव नॉर्वेच्या राणीवरून पडले असून भारताचा मैत्री हा तळ याच प्रदेशात आहे. या तिघींपैकी एकीनेही तो प्रदेश पाहिलेला नव्हता. स्वतः तेथे जाऊन आलेल्या स्त्रियांची नावे नकाशावर उमटू लागली ती बऱ्याच नंतर.

प्रवेशबंदी आणि तिची कारणे

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोहिमांत जाण्याची इच्छा स्त्रियांनी वेळोवेळी व्यक्त केली होती. पुढे संततिनियमनाच्या प्रचारामुळे प्रसिद्ध झालेल्या मेरी स्टोप्स या मूळच्या पुरावनस्पतिशास्त्रज्ञ. रॉबर्ट स्कॉट यांच्याबरोबर अंटार्क्टिकाला जाण्याची इच्छा त्यांनी त्यांच्याकडे बोलून दाखवली होती. स्कॉट यांनी नकार दिला. मात्र त्यांना हव्या असलेल्या जीवाश्मांचा शोध घेण्याचे मान्य केले. स्कॉट व त्यांचे सहकारी १९१२ साली ध्रुवावरून परतताना मृत्यू पावले. त्यांच्या तंबूपाशी सुमारे १६ किलोग्रॅम खडकांचे नमुने सापडले आणि त्यांत ग्लॉसॉप्टेरिस या प्राचीन वनस्पतीचे जीवाश्म होते. अंटार्क्टिका, भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका हे भूभाग एकेकाळी गोंडवन या एकाच महाखंडाचे भाग होते, या विचाराला या जीवाश्मांनी बळ दिले.

अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या १९१४ च्या मोहिमेसाठी तीन तरुणींनी एकत्रित अर्ज पाठवला होता. आपण धडधाकट असून स्त्रीवेश अडचणीचा ठरत असल्यास पुरुषी पोशाख आनंदाने घालू, असे त्यांनी त्यात लिहिले होते. शॅकल्टन यांनी सौजन्यपूर्ण शब्दांत नकार कळवला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अंटार्क्टिकावर कायमस्वरूपी तळ उभे राहिले, तेव्हा नकाराची भाषा बदलली. तळावर स्वतंत्र शौचालये, स्नानगृहे व शयनकक्ष नाहीत, हे कारण ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांतील अधिकाऱ्यांनी वारंवार पुढे केले. अमेरिकेच्या तळांपर्यंतची वाहतूक नौदलाच्या हाती असल्याने नौदलाचा नकार हाच अंतिम निर्णय ठरत असे. ब्रिटनमध्ये भूवैज्ञानिक जॅनेट थॉमसन १९६० च्या दशकात ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणात रुजू झाल्या. परंतु पुरुष सहकाऱ्यांनी आणलेल्या खडकांचा अभ्यास त्यांना इंग्लंडमध्ये बसूनच करावा लागे. प्रत्यक्ष क्षेत्रकामासाठी त्यांना १९८३ साली जाता आले. या बंदीमुळे झालेले नुकसान केवळ सन्मानाचे नव्हते. भूविज्ञान, हिमविज्ञान किंवा सागरी जीवशास्त्रात क्षेत्रकामाचा अनुभव नसलेल्या संशोधकाला पुढची पदे व अनुदाने मिळणे अवघड जाई.

देवमाशांच्या शिकारीची जहाजे

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ उतरलेल्या पहिल्या स्त्रिया संशोधन मोहिमांतून नव्हे, तर देवमाशांच्या शिकारीशी संबंधित नॉर्वेजियन जहाजांतून आल्या. कप्तान क्लारियस मिकेल्सेन यांच्या पत्नी कॅरोलिन मिकेल्सेन २० फेब्रुवारी १९३५ रोजी थोर्सहाव्हन या जहाजावरून उतरल्या. तेथे नॉर्वेचा ध्वज उभारून दगडांची रास रचण्यात आली. ही जागा मुख्य भूमीवर आहे असे दीर्घकाळ मानले जात होते; नंतरच्या शोधात ती किनाऱ्यालगतच्या ट्राइन बेटांपैकी एका बेटावर असल्याचे आढळले.

जहाजमालक लार्स क्रिस्टेन्सेन यांच्या पत्नी इंग्रिड क्रिस्टेन्सेन यांनी १९३१ ते १९३७ या काळात या सागरात चार सफरी केल्या. ३० जानेवारी १९३७ रोजी त्या स्कलिन मोनोलिथ येथे उतरल्या. मुख्य भूमीवर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रीचा मान आता सामान्यतः त्यांना दिला जातो. त्या सफरीत त्यांच्यासह चार स्त्रिया होत्या, आणि समुद्रातील एका उथळ भागाला त्यांच्यावरून ‘चार स्त्रियांचा उंचवटा’ अशा अर्थाचे नाव मिळाले. पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याचा एक भाग इंग्रिड क्रिस्टेन्सेन कोस्ट म्हणून ओळखला जातो. भारताचा भारती हा तळ याच किनाऱ्यावर, लार्समन टेकड्यांमध्ये आहे.

पहिला हिवाळी मुक्काम

अंटार्क्टिकावर पूर्ण हिवाळा काढणाऱ्या पहिल्या स्त्रिया म्हणजे एडिथ रॉनी व जेनी डार्लिंग्टन. फिन रॉनी यांच्या खाजगी अमेरिकन मोहिमेत (१९४७–४८) त्या स्टोनिंग्टन बेटावर राहिल्या. मोहिमेत एकूण २३ जण होते. एडिथ या मोहिमेच्या नेत्याच्या, तर जेनी या मुख्य वैमानिकाच्या पत्नी. पतीला वाटेत निरोप देऊन परतावे असा एडिथ यांचा मूळ बेत होता. पुढे त्यांनी अखेरपर्यंत सोबत राहावे असे ठरले. जहाजावरील काही पुरुषांनी स्त्रियांना नेण्यास विरोध केला होता.

एडिथ यांनी वृत्तपत्रसंस्थेसाठी बातमीपत्रे लिहिली, मोहिमेची दैनंदिनी ठेवली आणि शास्त्रीय निरीक्षणांतही मदत केली. हिवाळ्यात दोघींच्या पतींमध्ये तीव्र मतभेद झाले आणि त्याची झळ दोघींच्या संबंधांना लागली. एकाच छोट्या वस्तीत शेकडो मैलांच्या परिसरातील केवळ दोन स्त्रिया असूनही त्यांचा परस्परांशी संवाद तुटल्यासारखा झाला. जेनी त्या मुक्कामात गरोदर राहिल्या. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माय अंटार्क्टिक हनिमून’ या पुस्तकात त्यांनी हा अनुभव मांडला. अंटार्क्टिका ही स्त्रियांची जागा नव्हे, असा त्यांचा तेव्हाचा निष्कर्ष होता. एडिथ यांनी मात्र पुढे अनेकदा अंटार्क्टिकाचा प्रवास केला आणि १९७१ साली पतीसह दक्षिण ध्रुवाला भेट दिली. वेडेल समुद्रावरील विस्तीर्ण बर्फाचा थर, रॉनी आइस शेल्फ, त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

विज्ञान मोहिमांतील आरंभ

सोव्हिएत संघाच्या पहिल्या अंटार्क्टिक मोहिमेत (१९५५–५६) सागरी भूवैज्ञानिक मारिया क्लेनोव्हा सहभागी झाल्या. त्याआधी त्यांनी आर्क्टिक सागरांत दीर्घकाळ काम केले होते. त्यांच्या निरीक्षणांचा उपयोग सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या अंटार्क्टिकाच्या पहिल्या मोठ्या नकाशासंग्रहासाठी झाला.

डिसेंबर १९५९ मध्ये इझोबेल बेनेट, सुसान इंगहॅम, मेरी गिलहॅम व होप मॅकफर्सन या चार जीवशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियन मोहिमेबरोबर उपअंटार्क्टिक मॅक्वारी बेटावर गेल्या. भविष्यात स्त्रियांना अशा सफरींवर घ्यायचे की नाही, हे त्यांच्या वर्तनावर ठरेल, अशी समज त्यांना देण्यात आली होती. पुरुष सदस्यांवर असे ओझे कधी टाकले गेले नव्हते.

अर्जेंटिनाच्या आयरीन बेर्नास्कोनी, मारिया आदेला कारिआ, एलेना मार्तिनेस फोन्तेस व कार्मेन पुजाल्स या चार शास्त्रज्ञ नोव्हेंबर १९६८ मध्ये मेल्किओर तळावर गेल्या. सागरी जीव, शैवाल व जीवाणू यांचे नमुने त्यांनी सुमारे अडीच महिने गोळा केले. कंटकचर्मी प्राण्यांच्या तज्ज्ञ असलेल्या बेर्नास्कोनी यांचे वय त्या वेळी ७२ वर्षांचे होते.

१९६९ चा हंगाम

अमेरिकन नौदलाने स्त्रियांवरील बंदी १९६९ साली उठवली. ओहायो स्टेट विद्यापीठातील भूरसायनशास्त्रज्ञ लोइस जोन्स यांना मॅक्मर्डोजवळील कोरड्या दऱ्यांतील खडकांच्या रासायनिक झिजेचा अभ्यास करायचा होता. आपला चमू केवळ स्त्रियांचा असावा या अटीवर त्यांना परवानगी मिळाली. आयलीन मॅक्सेव्हनी, के लिंडसे व पदवीपूर्व विद्यार्थिनी टेरी टिकहिल यांच्यासह त्यांनी राइट दरीत तंबूत राहून काम केले. खडक फोडणे, पाण्याचे व मातीचे नमुने घेणे आणि जड सामान वाहून नेणे ही सर्व कामे त्यांनी स्वतः केली.

त्याच नोव्हेंबरात नौदलाने या चौघींसह न्यूझीलंडच्या जीवशास्त्रज्ञ पॅम यंग व अमेरिकन पत्रकार जीन पिअर्सन यांना विमानाने दक्षिण ध्रुवावर नेले. कोणा एकीला ‘पहिली’ म्हणता येऊ नये यासाठी विमानाच्या मागील उतरंडीवरून सहाही जणींनी हातात हात गुंफून एकाच वेळी पाऊल टाकले. ही भेट काही तासांचीच होती आणि तिचे स्वरूप प्रामुख्याने प्रसिद्धीचे होते. त्यामुळे अनेक अभ्यासक राइट दरीतील त्या चमूचे काम अधिक महत्त्वाचे मानतात. त्याच हंगामात क्रिस्टीन म्यूलर-श्वार्झे यांनी केप क्रोझियर येथे पतीसोबत पेंग्विनांच्या वर्तनाचा अभ्यास केला.

हिवाळी तळ आणि नेतृत्व

उन्हाळी हंगामाची दारे उघडल्यावरही हिवाळी मुक्कामाची परवानगी सावकाशच मिळाली. फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत ध्रुवावरील तळ बाहेरच्या जगापासून जवळजवळ तुटलेला असतो. एवढ्या काळात मोजक्या स्त्रिया व अनेक पुरुष एकत्र राहिल्यास शिस्त बिघडेल, ही भीती अधिकारी बोलून दाखवत. क्रिल या कोळंबीसदृश जीवांच्या अभ्यासक मेरी ॲलिस मॅक्व्हिनी आणि त्यांच्या सहकारी जीवशास्त्रज्ञ सिस्टर मेरी ओडिल काहून यांनी १९७४ चा हिवाळा मॅक्मर्डो तळावर काढला. काहून या बेनेडिक्टाइन संघातील नन होत्या. मॅक्व्हिनी यांनी या काळात तळाच्या मुख्य शास्त्रज्ञ म्हणून काम पाहिले. डॉ. मिशेल रेनी यांनी १९७९ मध्ये दक्षिण ध्रुवावरील तळावर हिवाळा काढला. तेथे असे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

ऑस्ट्रेलियाच्या खंडावरील तळावर पहिला हिवाळा डॉ. लुईस हॉलिडे यांनी १९८१ मध्ये डेव्हिस येथे काढला. डायना पॅटर्सन १९८९ साली मॉसन तळाच्या प्रमुख झाल्या. जर्मनीने वेगळा मार्ग पत्करला. १९९० च्या हिवाळ्यात गेओर्ग फॉन नॉयमायर तळ डॉक्टर व तळप्रमुख मोनिका पुस्केपेलाइट यांच्या नेतृत्वाखाली नऊ स्त्रियांच्या चमूने चालवला. केवळ स्त्रियांचा हा पहिला हिवाळी चमू होय. शास्त्रीय निरीक्षणांपासून यंत्रांच्या दुरुस्तीपर्यंत तळाची सर्व कामे या नऊजणींकडेच होती. ब्रिटिश तळांवर स्त्रियांना हिवाळा काढण्याची संधी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मिळाली. २०१३ साली जेन फ्रान्सिस ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाच्या संचालक झाल्या.

ओझोन थराला पडलेल्या छिद्राचे कारण शोधण्यासाठी १९८६ मध्ये मॅक्मर्डो येथे गेलेल्या मोहिमेचे नेतृत्व रसायनशास्त्रज्ञ सुसान सॉलोमन यांनी केले. तेव्हा त्यांचे वय सुमारे ३० वर्षे होते. क्लोरोफ्लुरोकार्बनांतून मुक्त होणारे क्लोरीन अतिथंड ढगांच्या पृष्ठभागावर सक्रिय होऊन ओझोन नष्ट करते, या स्पष्टीकरणाला या मोहिमेतील मोजमापांनी आधार दिला.

कुटुंबे आणि प्रादेशिक दावे

काही स्त्रियांना अंटार्क्टिकावर नेण्यामागे विज्ञानापेक्षा राजकारण होते. अर्जेंटिना व चिली यांचे अंटार्क्टिक द्वीपकल्पावर परस्परांना छेद देणारे दावे आहेत. १९६१ मध्ये अमलात आलेल्या अंटार्क्टिक कराराने असे सर्व दावे गोठवले असले, तरी वस्तीचा पुरावा निर्माण करण्याची ओढ कायम राहिली. अर्जेंटिनाने सिल्व्हिया मोरेला दे पाल्मा यांना गरोदरपणी एस्पेरांसा तळावर नेले आणि ७ जानेवारी १९७८ रोजी तेथे एमिलियो पाल्मा यांचा जन्म झाला. अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर जन्मलेली ही पहिली ज्ञात व्यक्ती होय. चिलीनेही १९८४ मध्ये आपल्या वसाहतीत असा जन्म घडवून आणला. ज्या काळात अनेक देश स्त्री शास्त्रज्ञांना सोयींच्या अभावाचे कारण देत होते, त्याच काळात याच खंडावर बाळंतपणाची सोय करण्यात आली होती, हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

भारतीय स्त्रिया

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. तिसऱ्या मोहिमेत (१९८३–८४) सागरशास्त्रज्ञ अदिती पंत व भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या दोघींची निवड झाली आणि अंटार्क्टिकावर जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया ठरल्या. हर्ष गुप्ता हे या मोहिमेचे नेते, तर फिनपोलारिस हे तिचे जहाज. भारताचा पहिला तळ, दक्षिण गंगोत्री, याच मोहिमेत उभारण्यात आला.

अदिती पंत यांचा जन्म १९४३ मध्ये नागपूर येथे झाला. औंध संस्थानच्या घराण्यातील मुत्सद्दी अप्पासाहेब पंत हे त्यांचे वडील. पुणे विद्यापीठातून पदवी घेतल्यावर त्यांनी हवाई विद्यापीठात व नंतर लंडनमध्ये शिक्षण घेतले. सागरी विज्ञानाची ओढ त्यांना ॲलिस्टर हार्डी यांच्या ‘द ओपन सी’ या ग्रंथाच्या वाचनातून लागली. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांनी अनेक वर्षे संशोधन केले. सागरी वनस्पतिप्लवकांचे प्रकाशसंश्लेषण हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पाचव्या मोहिमेतही त्या सहभागी झाल्या.

सुदीप्ता सेनगुप्ता या कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात प्राध्यापक होत्या. गिर्यारोहणाचे रीतसर प्रशिक्षण त्यांनी घेतले होते. शिर्माखर टेकड्यांच्या भूरचनेचा त्यांनी तपशीलवार अभ्यास केला, १९८९ मध्ये त्या पुन्हा अंटार्क्टिकाला गेल्या आणि आपल्या अनुभवांवर त्यांनी बंगालीत पुस्तक लिहिले. १९९१ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

भारतीय तळावर हिवाळा काढण्याची संधी स्त्रियांना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मिळाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. कंवल विल्कू यांनी मैत्री तळावर वैद्यकीय अधिकारी म्हणून हिवाळी मुक्काम केला. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या मंगला मणी यांनी नोव्हेंबर २०१६ ते डिसेंबर २०१७ या काळात भारती तळावर ४०३ दिवस काढले. तेव्हा त्यांचे वय ५६ वर्षे होते आणि २३ जणांच्या चमूत त्या एकट्या स्त्री होत्या. उपग्रहांकडून येणारी माहिती ग्रहण करणाऱ्या भूकेंद्राचे काम त्यांच्याकडे होते. निघण्यापूर्वी दिल्लीतील वैद्यकीय चाचण्या आणि उत्तराखंडातील औली व बद्रीनाथ परिसरात पाठीवर ओझे घेऊन चालण्याचा सराव त्यांना इतरांप्रमाणेच पूर्ण करावा लागला. भारताच्या ध्रुवीय मोहिमांचे नियोजन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते.

दैनंदिन जीवन

अनेक वर्षे अंटार्क्टिकासाठीचे कपडे, बूट व हातमोजे पुरुषांच्या मापाचेच मिळत. सैल बुटात पाय घसरतो आणि सैल हातमोज्यात बोटे लवकर गारठतात. त्यामुळे ही गैरसोय न राहता सुरक्षिततेचा प्रश्न बनते. क्षेत्रछावणीत आडोसा नसतो आणि एकसंध थंडीविरोधी पोशाख उतरवणे धोक्याचे असते. म्हणून उभ्याने लघवी करता येईल असे साधन अनेक स्त्रिया वापरतात. लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी कमी पिण्याची सवय काहींना लागते. अतिशुष्क हवेत तिचे परिणाम गंभीर होतात. अंटार्क्टिक कराराच्या पर्यावरणविषयक माद्रिद मसुद्याने (१९९१) कचऱ्याबाबत कडक नियम घातल्याने मासिक पाळीतील वापरलेले साहित्यही छावणीतून परत आणावे लागते.

हिवाळी तळावर बहुधा एक किंवा दोनच डॉक्टर असतात. १९९९ साली दक्षिण ध्रुवावरील एकमेव डॉक्टर जेरी नीलसन यांना आपल्या स्तनात गाठ असल्याचे आढळले. विमान उतरणे अशक्य होते. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या सहकाऱ्यांना त्यांनी शिकवले आणि त्यांच्या मदतीने सुईने गाठीचा नमुना काढला. जुलैच्या काळोखात विमानातून औषधे खाली टाकण्यात आली आणि उपग्रहाद्वारे मिळणाऱ्या सल्ल्यानुसार त्यांनी स्वतःवर उपचार केले. ऑक्टोबरमध्ये त्यांना बाहेर काढता आले. २००९ मध्ये कर्करोगानेच त्यांचे निधन झाले.

लैंगिक छळ व सुरक्षितता

एकाकी तळावर छळ झाल्यास तेथून निघून जाण्याचा मार्ग नसतो, आणि तक्रार ज्याच्याकडे करायची तोच अनेकदा छावणीचा प्रमुख असतो. २०१७ मध्ये अमेरिकेतील काही स्त्री भूवैज्ञानिकांनी कोरड्या दऱ्यांतील छावण्यांत विद्यार्थिदशेत सोसलेल्या छळाची माहिती उघड केली. चौकशीनंतर संबंधित प्राध्यापकाला बोस्टन विद्यापीठाने २०१९ मध्ये काढून टाकले. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिमनदीचे नावही बदलून मातातौआ करण्यात आले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, सर्वेक्षणाला उत्तर देणाऱ्या स्त्रियांपैकी ५९ टक्के स्त्रियांनी अंटार्क्टिकावर छळ किंवा अत्याचाराचा अनुभव आल्याचे सांगितले, तर ७२ टक्के स्त्रियांनी असे वर्तन ही तेथील समस्या असल्याचे मत नोंदवले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मेरेडिथ नॅश यांच्या अहवालाने तेथील तळांवरील वातावरणाबद्दल असेच निष्कर्ष काढले. पाळीसाठी लागणारे साहित्य मिळवण्यासाठी स्त्रियांना संकोचाने मागणी करावी लागते, हेही त्यात नोंदले आहे. या अहवालांनंतर तक्रारीसाठी स्वतंत्र यंत्रणा व मोहिमेपूर्वीचे प्रशिक्षण यांवर भर देण्यात येऊ लागला.

साहस मोहिमा

ॲन बॅनक्रॉफ्ट यांच्या नेतृत्वाखालील चार अमेरिकन स्त्रिया स्कीवरून ६७ दिवस प्रवास करून १४ जानेवारी १९९३ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचल्या. नॉर्वेच्या लिव्ह आर्नेसेन यांनी १९९४ मध्ये हाच प्रवास एकटीने ५० दिवसांत केला. बॅनक्रॉफ्ट व आर्नेसेन यांनी २००१ मध्ये मिळून अंटार्क्टिकाची भूमी ओलांडली. ब्रिटनच्या फेलिसिटी ॲस्टन यांनी जानेवारी २०१२ मध्ये ५९ दिवसांत १,७४४ किलोमीटर अंतर कापून एकटीने खंड पार केला.

राष्ट्रकुल देशांतील स्त्रियांच्या मोहिमेतून रीना कौशल धर्मशक्तू २९ डिसेंबर २००९ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचल्या. स्कीवरून तेथे जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. ब्रिटिश लष्करातील भारतीय वंशाच्या अधिकारी प्रीत चंडी यांनी ३ जानेवारी २०२२ रोजी ४० दिवसांचा एकल प्रवास पूर्ण केला.

हेही पाहा

अंटार्क्टिका
अंटार्क्टिक करार
अदिती पंत
सुदीप्ता सेनगुप्ता
दक्षिण गंगोत्री
मैत्री (संशोधन केंद्र)
भारती (संशोधन केंद्र)
राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र